स्लीपर घालून फ्रीज उघडायचा

फ्रीज स्लीपर घालून उघडायचा. इस्त्री चालू असेल तर मोटर लावायची नाही. गिझरचं पाणी घ्यायचं तर आधी गिझर बंद, मग नळाला हात. पावसाळ्यात परसातल्या दिव्याचं बटण बोटानं दाबायचं नाही. शेजारी खिळ्याला जुनं लाटणं अडकवलंय, त्यानं दाबायचं. आणि बल्ब बदलायचा असेल तर नुसता त्या खोलीचा फ्यूज काढून भागणार नाही, मेनच पाडायची.

हे आमच्या घरचे कायदे. सांगलीत गावभागात आमचं घर आहे. खाली दगडी जोतं, जाड भिंती, मागे परस, आणि वर नंतर कधीतरी चढवलेला मजला. लग्न होऊन आले तेव्हा यातले काही कायदे आधीपासून होते, काही माझ्यादेखत झाले. सुनेनं कारण विचारायचं नसतं अशातला भाग नव्हता, पण कारण विचारलं तर उत्तर यायचं, "आपल्याकडं असंच आहे." आणि तेवढ्यानं माझं समाधानही व्हायचं. कुणाला काही झालं नव्हतं ना.

मग घरातली जुनी फ्यूजची पेटी काढून नवा डीबी, म्हणजे खटक्यांची नवी पेटी, बसवायचं ठरलं आणि त्या कामात एकेक कायदा उलगडत गेला. प्रत्येकाच्या मागे एकेक बिघाड निघाला. बिघाड दुरुस्त करायचा सोडून घरानं त्याला शिस्त करून टाकलं होतं.

पेटी म्हणते मी, पण ती धड पेटीही नव्हती. सोप्याच्या दारावर, आत शिरताना डोक्याच्या वर, एक सागवानी फळी होती. तेल आणि धूळ पिऊन काळी झालेली. तिच्यावर डावीकडे बिडाचा मेन स्विच, लोखंडी दांड्याचा. तो पाडताना असा आवाज यायचा की शेजारच्यांना कळावं. उजवीकडे चिनीमातीच्या पांढऱ्या किटकॅटच्या, म्हणजे तार ओवायच्या फ्यूजच्या, जोड्या. वरचा भाग ओढून काढायचा, आत दोन पितळी जिभा, त्यांच्या मधून तार ओवायची, दोन्ही टोकांना स्क्रू आवळायचे, परत दाबून बसवायचा. ज्यांची घरं नव्वदच्या आधीची आहेत त्यांच्या बोटांना हे सगळं अजून आठवत असेल.

आमच्याकडे ते काम मामंजींचं. त्यांच्याकडे एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळलेली फ्यूजची तार असायची, दोन जाडीची. पाच अ‍ॅम्पिअरची वेगळी, पंधराची वेगळी. लाईट गेली की ते आधी गल्लीत डोकावायचे. सगळ्यांची गेली असेल तर स्वस्थ बसायचे. आपलीच गेली असेल तर स्टूल, बॅटरी, टेस्टर. बॅटरी धरायचं काम सुनेचं किंवा नातवाचं. तार ओवताना ते बोलायचे नाहीत, आणि झाल्यावर मेन वर करायच्या आधी "हात लावू नका कशाला" असं ओरडायचे, जणू आम्ही सगळे वायरी धरून उभे आहोत.

या कामात खरी गोम तारेच्या जाडीत असते. पाच अ‍ॅम्पिअरची तांब्याची कल्हई केलेली तार ०.२ मिलिमीटर जाड, पंधराची ०.५, तिसाची ०.८५. अंधारात, बॅटरीच्या उजेडात, साठीतल्या डोळ्यांना हा फरक काय दिसणार? मामंजींना तो बोटांनी कळायचा. पण ते गेल्यावर बोटंही गेली आणि पुठ्ठाही कुठं गेला देव जाणे. एका मे महिन्यात घरात पाहुणे, वर इस्त्री, खाली मोटर, आणि फ्यूज सारखा उडतोय म्हटल्यावर भाऊजींनी जुन्या टेबलफॅनच्या वायरीतल्या तारा काढून, पीळ देऊन, तीन पदरी घातल्या. त्यानंतर तो फ्यूज कधीच उडाला नाही. भाऊजींचा हात चांगला, असं सगळ्यांचं मत झालं. इस्त्री आणि मोटरचा कायदाही त्यांनी त्याच दिवशी रद्द करून टाकला. सासूबाईंनी मात्र तो मानला नाही, त्या मोटर लावायच्या आधी जिन्यातून वर ओरडायच्याच, "इस्त्री बंद आहे का गं?"

सासूबाई बरोबर होत्या. फ्यूजचं काम एकच: वायर जळायच्या आधी आपण जळायचं. त्यातही तो सावकाश. पंधराचा म्हणून जो फ्यूज घालतो तो सोळाला उडत नाही. उघड्या तारेचा फ्यूज वितळायला साधारण दुपटीच्या आसपास करंट लागतो. म्हणजे पंचवीस-तीसपर्यंत तो बेतानं तापत बसणार. त्यात तीन पदरी पीळ घातला की मग भिंतीतली वायरच घरातला सगळ्यात कच्चा दुवा होते, आणि जळायची पाळी तिची. आमची ती वायर जुन्या मापाची, तीन तारांची, लाकडी पट्टीवर पत्र्याच्या चिमट्यांनी ठोकलेली, रबरी आवरणाची. नवीन काम करताना वायरमननं तिचा वळणावरचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. वाकवला तर आवरण शिळ्या भाकरीसारखं तुटून खाली पडलं आणि आत उघडी तार. ज्या खोलीत हे सगळं पट्टीखाली चाललं होतं तिथं सासूबाईंचा पलंग आहे.

फ्यूजला सरसकट नावं ठेवायची माझी इच्छा नाही. त्यात हलणारा भाग नाही, गंज धरून अडकणारी स्प्रिंग नाही, बाजारातली तकलादू नक्कल तरी किती करणार. योग्य तार घातली तर तो आपलं काम इमानेइतबारे करतो, आणि कारखान्यांत आजही बंद नळीतले फ्यूज वापरतातच. घरगुती फ्यूजचा दोष एवढाच की तो सगळा माणसावर सोपवलेला. मामंजींसारखा माणूस असला तर ठीक. तो नसला तर भाऊजी.

आता पेटी बदलायची वेळ का आली ते सांगते. खरं तर ती २०१९ मध्येच यायला हवी होती.

त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभाग नदीच्या इतका जवळ की पुलावरचा आकडा ऐकून आम्ही आमच्या पायऱ्या मोजतो. २००५ चा पूर घरातल्यांनी पाहिला होता, त्या हिशोबानं सामान माळ्यावर चढवलं, आणि पाणी तो हिशोब ओलांडून आलं. फळी दारावर होती म्हणून वाचली, वीतभर अंतरानं. खालची सगळी बटणं, प्लग, गिझरची जोडणी, मोटरचा स्टार्टर पाण्याखाली. पुरवठा आधीच तोडलेला असतो, त्यामुळं त्या दिवसांत विजेची भीती नसते. भीती असते पाणी उतरल्यावरची.

पाणी ओसरलं तेव्हा प्रत्येक बोर्डाच्या आतून चिखलाची वडी निघाली. गल्लीत वायरमन मिळेना; मिळाला तो एका घरात तासभरही थांबेना. बोर्ड उघडायचे, धुवायचे, उन्हात ठेवायचे, कुणी केस वाळवायच्या यंत्रानं वाळवायचे, परत बसवायचे, लागली लाईट की पुढच्या घरी. त्याला दोष देत नाही. लोकांना पंप लावून पाणी उपसायचं होतं, घरं धुवायची होती. पण भिंतीत मुरलेलं पाणी आणि नळीत बसलेला गाळ कुणाला दिसला नाही. परसातल्या दिव्याचा लाटण्याचा कायदा त्या वर्षीचा.

एक गोष्ट इथे सांगायचा मोह आवरत नाही. आपल्याकडे पूर आला की लोक कोयनेकडं बोट दाखवतात आणि वीज आली की कोयनेचेच आभार मानतात. पाणी मात्र एक नाही. कोयनेची जी मोठी वीजनिर्मिती, एकूण १,९६० मेगावॉटमधली जवळजवळ सगळी, तिचं पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला बोगद्यांनी जातं आणि वाशिष्ठीत उतरतं, चिपळूणच्या बाजूला. आपल्या वाट्याला येतं ते दरवाजांतून सोडलेलं आणि पायथ्याच्या लहान वीजगृहातलं, कऱ्हाडला कृष्णेत मिसळून. विजेचं पाणी कोकणात आणि पुराचं सांगलीत, अशी ही वाटणी आहे. असो.

२०२१ ला परत पूर आला. त्यानंतरही आम्ही काही केलं नाही. शेवटी कारण निघालं ते अगदी फुटकळ. सासूबाईंच्या खोलीत एसी बसवायचा म्हणून दुकानातून माणूस जागा बघायला आला, त्यानं दारावरच्या फळीकडं नुसती नजर टाकली आणि म्हणाला, "याच्यावर एसी नाही लावणार मी." नवऱ्याला राग आला. पण स्टुलावर चढून पाहिलं तर एका किटकॅटचा पांढरा रंग चहाचा डाग पडावा तसा तपकिरी झाला होता आणि जवळ नाक नेलं की वास येत होता.

वायरमन आला तो आमच्या मुलाच्या वयाचा. आयटीआय केलेला, परवाना असलेला, मला पहिल्या मिनिटापासून "काकू". त्यानं आधी काही उघडलं नाही. सगळं घर फिरला, बटणं मोजली, परसात गेला, लाटणं बघून थांबला.

"हे काय ओ काकू?"

सांगितलं.

"आणि असे अजून किती हाईत?"

मी सगळे सांगितले. तो वहीत लिहून घेत होता. मला वाटलं गंमत करतोय. पण त्याच यादीनं त्यानं पुढं काम केलं.

पहिला उलगडला तो बल्बचा. मेनच का पाडायची? कारण आमच्या फळीवर प्रत्येक खोलीला दोन किटकॅट होते, एक फेजमध्ये, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेत, आणि एक न्यूट्रलमध्ये, म्हणजे ती परत नेणाऱ्या तारेत. जुन्या काळी असं करत. म्हणायला दुप्पट संरक्षण. प्रत्यक्षात न्यूट्रलमधला फ्यूज आधी उडाला किंवा कुणी तोच ओढून काढला की दिवा विझतो, खोली मेल्यासारखी दिसते, आणि होल्डरपर्यंत फेज जिवंत असतो. एकट्या न्यूट्रलला फ्यूज घालायला १९५६ च्या वीज नियमांतच मनाई होती; आमच्या फळीपर्यंत तो नियम काही पोचला नव्हता. मामंजींना हे ठाऊक असणार. त्यांनी फळी बदलली नाही, घरच्यांना मेन पाडायला शिकवलं.

त्यानंतर फ्रीज. याची कथा लांब आहे.

फ्रीजला हात लावला की झिणझिण्या यायच्या. पहिला फ्रीज जुना होता म्हणून असेल, म्हणून नवीन आणला. नव्यालाही झिणझिण्या. सासूबाई म्हणाल्या हल्ली वस्तूच तशा येतात. तेव्हापासून स्लीपर. वायरमननं फ्रीजच्या प्लगमधली अर्थिंगची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणारी, हिरवी वायर धरून तिचा माग काढला. ती स्वयंपाकघरातून न्हाणीघरात गेली, तिथे गिझरच्या अर्थिंगला मिळाली, आणि दोघी मिळून नळाच्या पाइपाला एका पट्टीनं बांधल्या होत्या. पूर्वी अर्थिंगचा हा सर्रास मार्ग. नळाचा लोखंडी पाइप रस्त्याखालून गावभर जमिनीत गेलेला, त्यापेक्षा चांगली अर्थिंग कुठली? फक्त मधल्या काळात आमच्या गल्लीतले नळ बदलले आणि दारापासून पुढं प्लास्टिकचा पाइप आला. अर्थिंग त्या दिवशी संपली. दिवे लागत राहिले, पंखे फिरत राहिले, कारण त्यांना अर्थिंग लागतच नाही. कुणाला कळायचं कारण नव्हतं.

आणि मग गिझरच्या कॉइलमधून करंट म्हणून जे थोडं थोडं गळत होतं त्याला जमिनीत जायला वाट उरली नाही. ते हिरव्या वायरीनं उलटं चालत फ्रीजच्या अंगावर येऊन बसलं. फ्रीज बिचारा निर्दोष होता, पहिलाही आणि दुसराही. नवरा हे ऐकून बराच वेळ गप्प होता. जुना फ्रीज त्यानं फार स्वस्तात विकला होता.

पेटीच्या आधी अर्थिंग, असं वायरमननं बजावलं आणि मला ते पटलं. परसात खड्डा घेतला. सांगलीची काळी माती या एका कामाला उत्तम. ओल धरून ठेवते आणि ओल असली की करंट सहज घेते. उन्हाळ्यात मात्र भेगाळते, म्हणून पाइप खोल घालून भोवती कोळसा आणि मीठ भरलं, वर झाकण, झाकणात पाणी ओतायला जागा. एप्रिल-मे महिन्यात बादलीभर पाणी घालायचं काम माझ्याकडं आहे. तुळशीला घालते तेव्हाच त्यालाही घालते.

अर्थिंग झाली म्हणजे फ्यूजही पुरेल, असं नवऱ्याचं म्हणणं. हा प्रश्न बऱ्याच घरांत पडतो म्हणून थोडा हिशोब करू. समजा गिझरच्या आतली वायर अंगाला टेकली आणि करंट अर्थिंगमधून जमिनीत निघाला. परसातल्या अशा खड्ड्याचा विरोध उन्हाळ्यात २० ओहम धरा. २३० भागिले २०, साडेअकरा अ‍ॅम्पिअर. पंधराचा फ्यूज यानं जागचा हलणार नाही. गिझरचं अंग तसंच जिवंत राहील, बिल वाढेल, कुणाला कळणार नाही. माणसाचं तर विचारूच नका. ओल्या अंगातून पाव अ‍ॅम्पिअरच्या आतबाहेर करंट गेला तरी जीव जातो. पाच अ‍ॅम्पिअरच्या फ्यूजच्या दृष्टीनं ती घटना घडलेलीच नसते.

एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी येणारा आपोआप पडणारा खटका, तिचंही तेच. ती फ्यूजपेक्षा शहाणी नक्की. मॅनहाइमच्या हुगो श्टोट्झनं १९२४ मध्ये तिचं पेटंट घेतलं, म्हणजे कल्पना शंभरीची आहे. आत दोन इंद्रियं असतात. एक दोन धातूंची पट्टी, भार जास्त झाला की तापून सावकाश वाकते आणि खटका पाडते. दुसरी गुंडाळी, शॉर्ट झालं की क्षणात चुंबक होऊन खटका ओढते. आणि तिच्यात टेबलफॅनची तार पिळून घालता येत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. पण तीही वायरीची राखणदार. माणसासाठी वेगळी वस्तू लागते, आरसीसीबी.

तिचं काम ऐकायला इतकं सोपं की आपल्याला का नाही सुचलं असं वाटावं. फेजमधून जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. कमी आला तर उरलेला कुठंतरी भलतीकडं गेला, भिंतीत, पाण्यात किंवा कुणाच्या तरी अंगातून. घरगुती आरसीसीबीत हा फरक ३० मिलीअँपिअरपर्यंत पोचायच्या आत सगळं बंद होतं, डोळ्याची पापणी लवायच्या आत. सात वॅटचा एलईडी दिवा साधारण तेवढाच करंट घेतो. अर्थिंग चांगली असेल तर कुणी हात लावायच्या आधीच ती पडते. अर्थिंग नसेल तर हात लागल्यावर पडते, धक्का बसतो पण माणूस सुटतो. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत ठरावीक भाराच्या वरच्या जोडण्यांना असं गळती पकडणारं उपकरण सक्तीचं आहे. जुन्या घरांत कोण येऊन बघतंय? आणि हेही सांगून ठेवते, एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलं तर आरसीसीबीला ते कळत नाही. तिच्या हिशोबात तो माणूस म्हणजे एक दिवा.

डीबी बसला तो दिवस मात्र आनंदाचा गेला नाही. जिन्याच्या वळणावर, उंच, पांढरा, काचेच्या झाकणाचा. खालच्या मजल्याला एक आरसीसीबी, वरच्याला एक, त्यांच्याखाली एमसीबींची रांग. दिव्यांना दहाच्या, प्लगना सोळाच्या, एसी आणि गिझरला वीसच्या, आणि मागे त्या त्या जाडीची नवीन तांब्याची वायर. पण सगळ्या घराचं वायरिंग एका दमात बदलायची ऐपत नव्हती. परसाची आणि जिन्याची बाजू जुनीच ठेवली होती. संध्याकाळी वायरमननं खटके वर केले, आणि खालची आरसीसीबी पडली. परत वर केली, परत पडली. फ्रीज बंद, पंखा बंद, सासूबाई अंगणात खुर्ची टाकून.

पुढचे काही दिवस घरात याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. जिन्यातला दिवा लावला की दोन्ही मजल्यांच्या पडायच्या. दिवा खालून-वरून दोन्हीकडून लागणारा. कुणी एकानं पूर्वी वायर वाचवायला फेज खालून घेतला होता आणि न्यूट्रल वरून. फ्यूजच्या राज्यात हे वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं. नव्या पेटीत खालची म्हणते माझा गेलेला परत आला नाही, वरची म्हणते माझ्याकडं नको तो आला, आणि दोघी बसतात. तो घोळ काढला. मग न्हाणीघराच्या भिंतीत एका खिळ्यापाशी न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना टेकलेले सापडले. तो खिळा टॉवेलचा. मग गिझरची कॉइल, जी बदलायचीच होती. राहिला परसातला दिवा. वायरमननं मेगर लावला, म्हणजे पाचशे व्होल्ट देऊन वायरीचं आवरण तपासायचं यंत्र. निदान एक मेगाओहम तरी यायला हवा. काटा शून्यालाच चिकटून. २०१९ चा गाळ अजून त्या नळीत होता, ओला.

या भानगडीत एका रात्री आरसीसीबी जेवणाच्या वेळी पडली तेव्हा नवऱ्याचा संयम सुटला. "काढून टाक रे ती. नुसत्या एमसीबी ठेव. जुनं होतं तेव्हा एवढा ताप नव्हता."

वायरमन माझ्याकडं बघत म्हणाला, "काढून देतो की. बरेच जण काढायलाच लावत्यात. दोन वायरी डायरेक्ट केल्या की झालं, दहा मिनटांचं काम."

मी नको म्हटलं. आवाज जरा चढलाच माझा. इतकी वर्षं या घरातल्या बायकांनी स्लीपर घालून, लाटण्यानं बटणं दाबून, पदरानं नळ धरून ते जुनं सांभाळलं होतं, म्हणून ताप नव्हता. ताप आमच्या वाट्याला होता, तो कुणाला दिसत नव्हता. आता तो खटका पडून दिसतोय तर दिसू दे.

सासूबाईंनी अंगणातून विचारलं, "माणूस चिकटला तर कुठलं पडतं त्यातलं?"

"हेच, आजी. जे काढायचं म्हणतायत ते."

"मग राहू दे."

विषय संपला. परसाची वायर दुसऱ्या दिवशी नळीसकट उपटून नवी घातली आणि तेव्हापासून आरसीसीबी विनाकारण पडलेली नाही.

एमसीबी आल्यानं एक वेगळाच गोंधळ होऊ शकतो, तोही लिहायला हवा. फ्यूज उडाला की मामंजींना स्टूल घ्यावं लागे, त्यामुळं का उडाला हा विचार आपोआप व्हायचा. खटका पडला की कुणीही बोटानं वर करतं. आमच्या मुलानं पहिल्याच आठवड्यात पडलेली एमसीबी मागचापुढचा विचार न करता चार वेळा वर ढकलली. वायरमन त्याच्यावर ओरडला. एकदा वर करायची. परत पडली तर त्या लाइनीवरचं सगळं काढायचं आणि एकेक लावून बघायचं. दुसरं म्हणजे आरसीसीबीवर एक छोटं बटण असतं, टी लिहिलेलं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, ती पडली पाहिजे. नाही पडली तर तिचा उपयोग नाही, दिसायला कितीही चांगली असो. मी संकष्टीला दाबते, म्हणजे विसरायला होत नाही. त्या दिवशी सगळ्या घड्याळांची आणि वायफायची बोंब होते, ती मी ऐकून घेते.

दोन मजल्यांच्या दोन लायनी वेगळ्या करायचा आग्रह माझा होता. पाणी चढायला लागलं की खालचं सगळं पाडून वरचं चालू ठेवता यावं, निदान पुरवठा तोडेपर्यंतचे काही तास. मोबाइल चार्ज होतात, वर टाकीत पाणी चढवून ठेवता येतं, म्हाताऱ्या माणसाला पंखा मिळतो. त्यासाठी मोटरची लाइनही वरच्यात घेतली आणि स्टार्टर जिन्यात. डीबीवर वायरमननं स्केचपेननं नावं लिहून दिली: देवघर, सोपा, स्वयंपाक, गिझर, आजी एसी. "परस" च्या पुढं त्यानं कंसात "लाटणं" लिहिलंय. पुसलं नाही आम्ही.

डीबी २०१९ च्या रेषेच्या बराच वर आहे. मीटर मात्र अजून खाली, सोप्यातच, जुन्या फळीच्या शेजारी. त्याच्याजवळ सध्या एक दोन पोलांची एमसीबी तेवढी बसवली आहे. मीटर महावितरणचा, त्याला सील; त्याला आपण हात लावायचा नाही, आपल्या वायरमननंही नाही. वर हलवायचा तर रीतसर अर्ज, आणि सोबत परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट. अर्ज मी भरून ठेवलाय. शेजारच्या दोन घरांनीही आमचं बघून काम काढलंय, त्यामुळं वायरमन हल्ली आमच्या गल्लीत असतो पण आमच्याकडं नसतो. काल बोळात भेटला, म्हणाला, "काकू, सही दिवाळीच्या आत देतो बघा." पावसाळा अजून संपायचाय, तेव्हा मी त्याला गणपतीच्या आत म्हटलंय.